१ राजे, अध्याय १९ : एलियाहू हन्नाबीसुद्धा खचला, मग मी धीर कुठून घेऊ?

वाडीकरीण, चौलकडची

सगळ्यांना शालोम, नमस्कार.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमच्या गावात पूर्वी आळीभर आमची माणसं होती. एकेक करून सगळी घरं इस्रायलला गेली, काही ठाण्या-मुंबईला गेली, आता आमचं एकच राहिलंय. मोठ्या सणाला अलिबागच्या सिनेगॉगमध्ये जातो, तिथेही मिनयानसाठी, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारे, दहा पुरुष जमवताना फोनाफोनी होते.

गेल्या श्रावणात यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. हात-पाय आता थोडे हलायला लागलेत, बोलणं नाही. मुलगा पुण्याला नोकरीत, येतो-जातो. बाकी सगळं माझ्यावर : यांना उठवणं-बसवणं, औषधं, आणि वाडी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या पोफळी एकमेकींवर आडव्या पडल्या होत्या, माड मुळासकट उपटले होते. यांनी हाय खाल्ली नाही, रोपं आणून पुन्हा लावली. पोफळ धरायला सहा-सात वर्षं जातात, म्हणजे यांनी लावलेल्या झाडांना आता कुठे घड दिसायला लागलेत, आणि हे खाटेवर. मधून मधून एजंट येतो, वाडी विका म्हणतो. इस्रायलमधल्या बेरशेबाची माझी थोरली बहीण म्हणते, विकून इकडेच या.

दिवसा कामात निभावतं. रात्री यांचा श्वास ऐकत पडते तेव्हा पोटात गोळा येतो. म्हणून शास्त्रातलं काहीतरी धीर देणारं शोधत होते. सगळ्यांनी यहोशवाचा पहिला अध्याय सांगितला : खंबीर हो, हिंमत धर. वाचला, पुन्हा वाचला. तो सैन्य घेऊन नदी उतरायला निघालेल्या माणसाला सांगितलेला आहे. माझ्या हातात ओला फडका आणि गोळ्यांचा डबा. मला तो लागू पडेना.

मग एलियाहू हन्नाबीकडे, म्हणजे एलीया संदेष्ट्याकडे, वळले, कारण आमच्या घरात लहानपणापासून नवस बोलायचा तो त्याला. शास्त्रातल्या '१ राजे' या पुस्तकाच्या अध्याय १७ पासून रोज संध्याकाळी यांच्याजवळ बसून मोठ्याने वाचत आले. अठराव्यात तो कर्मेल डोंगरावर बआल या परक्या देवाच्या ४५० संदेष्ट्यांसमोर एकटा उभा राहतो, आकाशातून अग्नी उतरतो, तीन वर्षांचा दुष्काळ मोडून पाऊस येतो. वाचताना माझाच आवाज चढला होता. आणि लगेच एकोणिसावा! ईजबेल राणी नुसता निरोप पाठवते, उद्या याच वेळेपर्यंत तुझा जीव घेते म्हणून, आणि हा उठून पळतो. बेरशेबाला चाकराला ठेवतो, एकटाच रानात दिवसभराची वाट चालतो, एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, पुरे झालं, देवा, माझा प्राण घे.

माझे दोन प्रश्न आहेत. कालपर्यंत एवढा निधडा माणूस आज असा का मोडतो? यातून माझ्यासारखीने बळ घ्यावं कसं?

दुसरं मला जास्त छळतंय. होरेब डोंगरावर देव विचारतो, एलीया, तू इथे काय करतोस? तो सांगतो, लोकांनी तुझा करार सोडला, वेद्या मोडल्या, तुझे संदेष्टे मारले, मी एकटाच उरलोय आणि माझ्याही जिवावर टपलेत. मग डोंगर फोडणारा वारा येतो, भूकंप होतो, अग्नी येतो. त्यांत देव नसतो. मग तो बारीक, शांत आवाज. आणि पुन्हा तोच प्रश्न. एवढं सगळं अनुभवूनही एलियाहू उत्तर देतो ते जवळपास शब्दाला शब्द पहिलंच! मग काय बदललं त्याच्यात? मी रोज प्रार्थना करते आणि रोज तेच तेच बोलते. हीच माझी अडचण आहे, म्हणून विचारते.

एक गोष्ट सांगायची राहिली. परवा यांना पाणी हवं होतं. पेल्याकडे डावा हात केला, ओठ हलले, मानेची शीर ताणली, पण 'पाणी' शब्द काही आला नाही, 'ते... ते...' एवढंच. शुक्रवारी सांजेला दिवा लावून मी शेमा, आमची रोजची मुख्य प्रार्थना, सुरू केला, तर यांनी मध्येच उचलला आणि शेवटच्या शब्दापर्यंत स्पष्ट म्हटला. मी थांबले तरी हे म्हणत राहिले. याला काय म्हणायचं?

---

पेणचा काका

पोरी, शालोम. वडिलांच्या मागे उभं राहून तेफिला (प्रार्थना) शिकलेला माणूस आहे मी, पंडित नाही. तरी सांगतो.

तू वारा-भूकंपापर्यंत गेलीस, पण आधीच्या ओळी भरभर वाचल्यास असं वाटतं. पाचवी ते आठवी ओळ आज पुन्हा वाच. तो मरण मागून झोपी जातो. दूत येऊन त्याला शिवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खातो-पितो आणि पुन्हा आडवा होतो. दूत दुसऱ्यांदा येतो. तेव्हाही 'किती झोपतोस' असं म्हणत नाही. म्हणतो, ऊठ, खा, कारण वाट तुझ्या शक्तीपलीकडची आहे. एवढं झाल्यावर मग चाळीस दिवस, चाळीस रात्री चालून होरेब. देवाने जाब विचारला तो पोट भरल्यावर आणि झोप झाल्यावर. मरण मागणाऱ्या आपल्या भक्तावर तो रागावलेला या सगळ्या अध्यायात कुठे दिसत नाही.

हा भाग तोराच्या 'पिन्हास' भागाच्या शब्बाथची (शनिवारची) हफ्तारा, म्हणजे संदेष्ट्यांच्या पुस्तकांतलं वाचन, आहे. पण तो शब्बाथ आपल्या तम्मूझ महिन्याच्या १७ तारखेच्या उपासानंतर आला तर त्याऐवजी यिर्मया वाचतात, आणि बहुतेक वर्षी तसंच होतं. म्हणून आपल्या लोकांच्या कानावर हा भाग फारसा पडत नाही. कर्मेलची गोष्ट मात्र सगळ्यांना पाठ.

आता 'मी एकटाच उरलो' याबद्दल. अठराव्या अध्यायात ओबद्या त्याला तोंडावर सांगतो की मी शंभर संदेष्टे गुहांमध्ये लपवले, पन्नास-पन्नास करून, आणि त्यांना भाकर-पाणी पुरवलं. म्हणजे एलियाहूला ते ठाऊक होतं! तरी डोंगरावर म्हणतो, मी एकटाच. थकलेल्या माणसाला ठाऊक असलेलंही दिसेनासं होतं. देव वाद घालत बसत नाही. शेवटी सांगतो, बआलपुढे गुडघा न टेकलेले सात हजार मी राखून ठेवलेत.

आमचे वडील आणखी एक सांगायचे, ते मिद्राशातलं, म्हणजे जुन्या रब्बींच्या कथांतलं, आहे. 'लोकांनी करार सोडला' अशी तक्रार एलियाहूने केली, म्हणून देवाने त्याला नेमून दिलं की प्रत्येक मुलाच्या सुंतेला, म्हणजे त्या कराराच्या खुणेला, तू हजर राहायचंस. म्हणून सुंतेच्या वेळी त्याची खुर्ची मांडतात. करार सोडला म्हणणाऱ्याने घरोघरी जाऊन करार पाळलेला बघायचा, पिढ्यान् पिढ्या. आमच्या बेने इस्रायलांत तर तो कोकणातही आला म्हणतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या घोड्यांच्या टापा दाखवतात, तू गेलीच असशील. नवगावला फुटलेल्या जहाजातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या असं आपण सांगतो. पोथ्या बुडाल्या, भाषा गेली, तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक शनिवार तेली म्हणायला लागले. त्यांच्याकडे उरला होता तो शेमा. तुझ्या नवऱ्याच्या तोंडून निघाला तोच.

एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा कर. नवस फेडायलाच करावा असं नाही, मागण्यासाठीही करतात. पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, वर फळं. दहा माणसांची जमवाजमव माझ्यावर सोड.

---

अलिबागकर

ताई, काकांचा मान राखून थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका.

धर्मग्रंथातून धीर घ्या, जरूर घ्या. पण धीर म्हणजे आहे तिथेच टिच्चून राहणं असं कुठे लिहिलंय? एलियाहू पळाला म्हणून वाचला. माझ्या आईने वडिलांच्या आजारपणात असंच सगळं एकटीने ओढलं आणि शेवटी तीच आधी अंथरुणाला खिळली. तुमची बहीण बोलावते आहे, मुलगा पुण्यात आहे. जाणं म्हणजे श्रद्धा सोडणं नव्हे.

आणि विकायचं नसेल तर वाडी दोन-तीन वर्षं मक्त्याने द्या. झाडं राखण्याची अट कागदावर घ्या, मुलाला सही करायला बोलवा. एजंटला मात्र घरात एकट्या असताना बसवू नका.

---

कोर्लईची

मी खाडीपलीकडची, कोर्लईची. आम्ही ख्रिस्ती, घरात आमची वेगळी बोली, पण बायबल मराठीतच वाचते. एलीयाच्या गोष्टी आजीने सांगितलेल्या.

वाडीकरीणताई, तुम्ही सतरावा अध्याय वाचलात तर त्यातली ती विधवा आठवते ना? सारफथ गावची, तेही आपल्यासारखं समुद्रकाठचंच गाव, सीदोनच्या मुलखातलं. ईजबेलसुद्धा सीदोनच्या राजाचीच मुलगी, म्हणजे एकाच मुलखातली एक एलीयाच्या जिवावर उठली आणि दुसरीने त्याला जगवलं. ती विधवा वेशीजवळ काटक्या वेचत असते. एलीया पाणी मागतो, मग भाकर मागतो. ती सांगते, मडक्यात मूठभर पीठ आणि बुधलीत थोडं तेल आहे, या दोन काटक्यांवर मला आणि माझ्या लेकाला शेवटचं करून खायचंय, मग मरायचं. तिला तो म्हणतो, भिऊ नकोस, आधी मला एक लहानशी भाकर कर. आणि ती करते!

मला या सगळ्या गोष्टीत खरी हिंमत तिची वाटते. तिच्यासाठी आकाशातून आग पडली नाही. पीठ संपलं नाही आणि तेल आटलं नाही, एवढंच झालं, आणि तेही रोजच्या रोज. मडकं एकदम भरून वाहिलं असं शास्त्रात नाही. उद्याचं पीठ तिला उद्याच दिसत असणार. तुम्ही म्हणता यहोशवा लागू पडत नाही. ही पडते का बघा.

आणि अलिबागकर दादांचं एक मला पटलं, तुम्हीच आडव्या पडलात तर कसं? दर बुधवारी माझी दुपार मोकळी असते. साळावचा पूल ओलांडला की तुमच्याकडे यायला किती वेळ लागतो! मी भाऊंजवळ बसेन, सासऱ्यांचं सगळं केलंय, उचलणं-बसवणं येतं मला. तुम्ही आतल्या खोलीत दार लावून झोपायचं. स्वयंपाक माझ्यासाठी काही करायचा नाही. पत्ता निरोपात पाठवा.

---

बेरशेबाहून

ताई, शालोम. जन्म मुरुडचा, आता कित्येक वर्षं इथे. पुनर्वसन विभागात नर्स आहे म्हणून आधी भाऊंबद्दल लिहिते.

तुम्ही पाहिलंत ते आम्ही वारंवार पाहतो. झटक्याने मेंदूची डावी बाजू दुखावली की नवा शब्द शोधून बोलणं अडतं, पण लहानपणापासून पाठ असलेलं, गाणं, प्रार्थना, आकडे, वार, हे पुष्कळदा शाबूत राहतं. माझ्याकडच्या एका आजोबांना स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, पण शब्बाथची किद्दूश प्रार्थना पूर्ण म्हणायचे. तेव्हा वाचाउपचार करणाऱ्यांना हे नक्की सांगा, कारण काही उपचार गाण्याच्या चालीवरूनच पुढे नेतात. घरी एलियाहू हन्नाबीचं गाणं रोज म्हणा त्यांच्याबरोबर, हळू, डाव्या हाताने ठेका धरायला लावून. एखादी ओळ अर्धी सोडा आणि त्यांना पूर्ण करू द्या. चुकले तर दुरुस्त करू नका, पुढे चला. आणि गिळताना ठसका लागतो का तेवढं डॉक्टरांना विचारून घ्या, मग पेला हातात द्या.

यात देव आहे की मेंदू, असं तुम्ही विचारलंत तर मी म्हणेन, मला त्यात भांडण दिसत नाही. वडिलांनी तो शेमा त्यांच्यात इतका खोल रुजवला की वादळातही उपटला गेला नाही.

आता झुडपाबद्दल. त्याला इथे रोतेम म्हणतात. बेरशेबाच्या दक्षिणेला गाडीने निघालं की ओढ्यांच्या कोरड्या पात्रांतून ते दिसतं. पानं म्हणाल तर नसल्यासारखीच, नुसत्या करड्या-हिरव्या काड्या, हिवाळा सरताना त्यांवर बारीक पांढरी फुलं. माणसाच्या डोक्यावर जेमतेम जाळीदार सावली पडते. उन्हात मी बसून पाहिलंय, अंगाची अर्धी बाजू भाजतेच. मोठं झाड मिळालं असतं तर तो तिथे बसला नसता. आणि १२०व्या स्तोत्रात रोतेमच्याच निखाऱ्यांचा उल्लेख आहे, फार वेळ धगधगणारे म्हणून ते प्रसिद्ध. माझ्या मनात येतं की दूताने ती भाकर त्याच निखाऱ्यांवर भाजली असेल. शास्त्रात तसं लिहिलेलं नाही, हा माझा विचार. पण ज्या झुडपाखाली त्याने मरण मागितलं त्याच्याच लाकडावर त्याचं अन्न शिजलं असेल, असं वाटलं की मला बरं वाटतं.

---

वाडीकरीण, चौलकडची

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. यांनाही वाचून दाखवलं. टापांचा उल्लेख आला तेव्हा हे हसले, लग्नानंतर खंडाळ्याला बैलगाडीने गेलो होतो ते आठवलं असणार.

काका, पाचवी ते आठवी ओळ वाचली. खरंच मी भरभर पुढे गेले होते, कारण मला डोंगरावर पोचायची घाई होती. दूत दोनदा येतो हे लक्षातच आलं नव्हतं.

माझा दुसरा प्रश्न कुणी थेट उचलला नाही, म्हणून काल रात्री मीच पुन्हा अध्याय घेऊन बसले. मला दिसलं ते लिहिते, चुकत असेन तर काकांनी सांगावं. एलियाहूचं उत्तर बदललं नाही आणि देवाने ते बदलायला लावलंही नाही. तेच रडगाणं दुसऱ्यांदा शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हटलं, आल्या वाटेने परत जा, दिमिष्काच्या (दमास्कसच्या) रानाकडे. पुढे कामं सांगितली : हजाएलला अभिषेक कर, येहूला कर, आणि तुझ्या जागी अलीशाला कर. म्हणजे 'मी एकटाच' म्हणणाऱ्याला जोडीदार दिला. लगेच पुढे तो भेटतोच, बारा जोड्या बैल लावून शेत नांगरत असतो. एलियाहू जवळून जातो आणि आपला झगा त्याच्या अंगावर टाकतो. तो काही पूर्वीसारखा निधडा होऊन उतरला असं मला वाटत नाही. भीती तशीच घेऊन उतरला असेल, पण उतरला. तर रोज तेच तेच बोलणाऱ्या माझ्या प्रार्थनेलाही चालेल, असं मी आता धरून चालते.

अलिबागकर दादा, राग मुळीच नाही. तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं. मक्त्याचं मुलाशी बोलले, तो शनिवार सोडून पुढच्या रविवारी येतोय कागद करायला. गावातलेच एक पाडेली वाडी बघायला तयार आहेत, त्यांच्या वडिलांनीही आमच्याकडेच पोफळी पाडल्या. विकणार नाही सध्या. इस्रायलला जायचं की नाही ते हे स्वतः बोलून सांगतील तेव्हा ठरवू. बहिणीलाही तसंच कळवलंय.

बेरशेबाच्या ताई, गाणं सुरू केलं. दुसऱ्या ओळीला मी थांबते आणि हे पूर्ण करतात. आज 'एलियाहू' म्हणून झाल्यावर माझ्याकडे बघून माझं नाव घेतलं. पहिलं अक्षर निसटलं, पण माझंच होतं. ठसक्याचं डॉक्टरांना विचारलं, पाणी चमच्याने द्या म्हणाले.

कोर्लईच्या ताई, तुमच्या विधवेने मला फार आधार दिला. मी कालपासून वर्षाचा हिशेब करणं सोडलंय, आजची औषधं आणि आजचं शिंपणं एवढंच बघते. पत्ता निरोपात पाठवलाय. बुधवारी दोन वाजता या, तोवर यांचं जेवण झालेलं असतं. एकच ऐका, स्वयंपाक नको म्हणालात तरी तांदळाची भाकरी आणि चहा तुमच्यासाठी असेल, त्याला नाही म्हणू नका.

काका, मलिदा अमावास्येनंतरच्या रविवारी ठेवला तर तुमची दहा माणसं जमतील का? नारळ वाडीचेच आहेत. पोहे जाडे घ्यायचे की पातळ, आमच्या सासूबाई जाडे घ्यायच्या, तुमच्याकडे काय पद्धत?

---

पेणचा काका

जाडेच. सात जण आत्ताच हो म्हणालेत, बाकीच्यांना आज रात्री फोन करतो. तुझा मुलगा धरून आठ, आणि तुझा नवरा धरून नऊ. त्याला खुर्चीत बसवून बाहेरच्या खोलीत आण. शेमा तो म्हणतो ना, मग तो मोजायचाच.